देवळालीचे आकडेवाले मास्तर

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई आणि नाणी त्यात आकड्यांनी नोंदवली आहेत. दहा, शंभर, हजार यांना तिथे वेगवेगळ्या खुणा आहेत. पुढे शून्य आले, आकड्याची किंमत जागेवरून ठरू लागली. ही भारतीय रीत नवव्या शतकात बगदादच्या अल ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथात मांडली आणि तिथून ती युरोपात गेली. त्याच आकड्यांवर आयुष्यभर जीव लावणारा एक शाळामास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यातूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही.

डोंबिवली स्टेशनला तेव्हा डेमलोही म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या हेच नाव दिले. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, उलटसुलट सारखीच. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ने तिला नि:शेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे हर्षद, आनंद देणारी. हे नावही मास्तरांचेच.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. सगळे आकडे सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. त्यांचे जन्मसाल १९०५ घेतले तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. असे करत सातव्या वजाबाकीला ६१७४ येते. सातहून जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

अनेक गणित्यांना हा पोरखेळ वाटला. मास्तर मात्र लिहीत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन अपुरी पडे, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९६६ साली पत्नी गेली. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते गेले.

आज जगभरची मुले कापरेकर स्थिरांक शिकतात. वाचकहो, घरातल्या मुलाला एक कागद द्या आणि त्याचे जन्मसाल लिहायला सांगा. ६१७४ आले की मास्तरांचे नावही सांगा.