सोपाऱ्याचा स्तूप उघडणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

बुद्ध पौर्णिमेला नालासोपाऱ्याच्या स्तूपावर उपासक-उपासिकांची गर्दी होते. बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंडहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. भिक्खू पुण्णाच्या सुनापरांताची कथा लहान मुलांनाही माहीत असते. पण हा ढिगारा म्हणजे स्तूप आहे हे ज्याने सिद्ध केले त्या माणसाचे नाव विचारले, तर उत्तर क्वचितच मिळते. ते नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. जन्म 1839 चा, घर गुजराती ब्राह्मणाचे. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नाही. मात्र गावाबाहेर गिरनारच्या पायथ्याशी एक शिळा होती, जिच्यावर सम्राट अशोक, क्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तिघांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली ती भगवानलालांच्या जन्माच्या एकदोन वर्षे आधी. त्या अक्षरांचा तक्ता हाती पडल्यावर हा मुलगा शिळेसमोर बसून स्वतःच वाचायला शिकला. गुरू नाही, शाळा नाही.

काठेवाडातील इंग्रज अधिकारी किन्लॉक फोर्ब्स यांनी त्यांचे नाव मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांना कळवले आणि विशीच्या उंबरठ्यावर भगवानलाल मुंबईत आले. पुढे 1874 साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत ते त्यांच्यासाठी पगारावर काम करत होते. अजिंठा, ओडिशा, मथुरा, नेपाळ असे दूरदूरचे प्रवास केले. लेण्यांत तासन् तास उभे राहून झिजलेली अक्षरे उतरवून आणली. त्या नकलांवर आधारलेले निबंध बहुतेक भाऊ दाजींच्या नावाने वाचले आणि छापले गेले. भाऊ दाजी मोठे विद्वान होते, त्यांनी भगवानलालांना घडवले हेही खरे. त्या काळची रीतही तशीच होती. तरी ज्याने दगडाशी घाम गाळला त्याचे नाव तळटीपेत जावे, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

भाऊ दाजी गेल्यावर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. लिहीत ते गुजरातीत. ब्यूलरसारखे पंडित त्याचे इंग्रजी करत. नाणेघाटातील लेखावरून त्यांनी प्राचीन अंकांची ओळख पक्की केली. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख वाचले. बर्जेस यांच्यासोबत पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक 1881 मध्ये काढले. ओडिशाच्या हाथीगुंफेतील राजाचे खारवेल हे नाव प्रथम त्यांनीच नीट लावले. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसाला!

आपल्यासाठी सगळ्यात मोलाचे वर्ष 1882. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे होते आणि जुन्या अवशेषांसाठी त्यांची भिस्त भगवानलालांवर होती. सोपाऱ्याजवळच्या त्या ढिगाऱ्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. बौद्ध धम्माची आठवण पुसली गेली होती, पण लोकांनी त्या जागेचा धनी म्हणून टोपल्या विणणारा राजा जपला होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

एप्रिलमध्ये भगवानलाल आणि कॅम्पबेल यांनी ढिगारा मधोमध खणला. विटांच्या बांधकामात दगडाची एक मोठी गोल पेटी निघाली. झाकण उघडल्यावर मधे तांब्याचा करंडक, त्याभोवती धातूच्या आठ लहान मूर्ती: शाक्यमुनींसह सात बुद्ध आणि आठवे मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. हे तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेले असावेत, असे भगवानलालांनी मांडले. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणून ठेव इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे जाते. मूर्ती मात्र कित्येक शतके नंतरच्या आहेत. म्हणजे मधल्या काळात कोणा श्रद्धावंतांनी स्तूप उघडून त्या आत ठेवल्या आणि पुन्हा नीट बंद केला असला पाहिजे. सोपाऱ्याला धम्म किती दीर्घकाळ जिवंत होता, याचा याहून सरळ पुरावा नाही.

त्याच वर्षी गावातल्या एका तळ्याजवळ त्यांना काळ्या दगडाचा तुटका तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता. या लेखात राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे आणि तो संबोधीला गेल्याचे नोंदले आहे.

पण उपनगरातल्या वाचकांसाठी याच वर्षातली आणखी एक गोष्ट सांगायची आहे. सोपाऱ्यावरच्या निबंधाच्या शीर्षकात भगवानलालांनी दुसरे एक ठिकाण जोडले: पडण. ही टेकडी अकुर्लीत, आजच्या कांदिवली पूर्वेला. तिथल्या कातळावर कोरलेली पावले, चिन्हे आणि ब्राह्मीतले त्रोटक लेख त्यांनी तपासून प्रसिद्ध केले. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे लांबूनही ओळखू येतात. आपल्याकडचे प्राचीन असे नजरेत भरत नाही. ते उघड्या कातळावर असते, जवळ जाऊन वाकून पाहावे लागते. पुढे 1930 च्या दशकात टॉड नावाच्या इंग्रजाने याच कांदिवली परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारे गोळा केली. मागाठाणे, कान्हेरी, महाकाली ही लेणी कोरणाऱ्यांच्या हजारो वर्षे आधी इथे माणूस वावरत होता. कान्हेरीला आपण आवर्जून जातो. अकुर्ली रोडने रोज कामावर जाणाऱ्या किती जणांना पडणचे नाव ठाऊक असेल? आणि तिथले लेख इतके तुटक आहेत की टेकडीला घाईने बौद्ध म्हणून शिक्काही मारू नये. आधी ती टिकावी, तिची नोंद व्हावी, अभ्यास व्हावा.

भगवानलाल धम्माचे प्रचारक नव्हते. त्यांना शोध हवा होता, आणि दगडावर जे लिहिले आहे ते तसे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. मथुरेत 1869 साली त्यांना शीतलेच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेले एक सिंहशीर्ष सापडले. त्यावरचे खरोष्टी लेख महाक्षत्रप राजुलाच्या पट्टराणीने बुद्धधातूंसाठी स्तूप उभारल्याचे सांगतात. देवीच्या पायरीखाली स्तूपाचा पुरावा, आणि तो तसाच जगासमोर ठेवणारा एक ब्राह्मण पंडित. माणसाला कामावरून जोखायचे असेल तर इथे हात आखडता घेऊ नये.

शेवटची काही वर्षे आजारपणात गेली. 16 मार्च 1888 रोजी वाळकेश्वरच्या घरी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. गुजरातच्या इतिहासाचे काम अर्धवट राहिले होते. ते जॅक्सन यांनी पुरे केले आणि 1896 मध्ये छापले गेले. मथुरेचे सिंहशीर्ष भगवानलालांनी मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिले, आणि ते अजून तिथेच आहे. ते इथे राहायला हवे होते, असे मला वाटते. सोपाऱ्याचा करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. चर्चगेटला उतरून चालत जाता येते.