विश्लेषण : संगणकाने लिहिलेली प्रेमपत्रे ही खरी कला होती का? ख्रिस्तोफर स्ट्रेची यांचे आयुष्य काय सांगते?

संगणकाने तयार केलेल्या मजकुराला कला म्हणायचे का, हा वाद कृत्रिम प्रज्ञेच्या लाटेत पुन्हा रंगला आहे. पण प्रश्न नवा नाही. १९५२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाने टेलिप्रिंटरवर प्रेमपत्रे छापली होती. त्यामागे होता एक शाळामास्तर.

स्ट्रेची कोण होते?

ख्रिस्तोफर स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे नामांकित आणि भारताशी जोडलेले. आजोबा सर रिचर्ड हे १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिशांनी नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते. वडील ऑलिव्हर यांनी भारतात रेल्वेत नोकरी केली आणि पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्यात नाव कमावले. आई रे या महिलांच्या मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या, तर काका लिटन हे गाजलेले चरित्रकार. ख्रिस्तोफर मात्र केंब्रिजमध्ये शिकताना मानसिकदृष्ट्या खचले आणि पदवी परीक्षेत चमकू शकले नाहीत. युद्धकाळात त्यांनी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या रचनेवर काम केले. त्यानंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. १९४९ पासून ते हॅरो येथील शाळेत शिकवत होते. पंडित नेहरू याच शाळेचे विद्यार्थी.

संगणकाकडे कसे वळले?

१९५१ च्या सुरुवातीला त्यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील संगणक पाहिला आणि त्यांना त्याचे वेडच लागले. ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ यंत्राने खेळावा, यासाठी त्यांनी फावल्या वेळात प्रोग्राम लिहिला. पुढे ते मँचेस्टरच्या फेरांटी मार्क वन या अधिक मोठ्या यंत्राकडे वळले. त्याची माहितीपुस्तिका लिहिणारे अ‍ॅलन ट्युरिंग हे त्यांच्या केंब्रिजपासूनच्या ओळखीचे. या यंत्राला सूचना द्यायच्या त्या टेलिप्रिंटरच्या ३२ चिन्हांत. म्हणजे तिथे प्रोग्रामही दिसायला अक्षरांची रांगच होता. स्ट्रेचींनी लिहिलेला लांबलचक प्रोग्राम चालला आणि शेवटी यंत्राने भोंग्यातून ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवले. जून १९५२ मध्ये त्यांनी शाळा सोडून संगणक क्षेत्रातील नोकरी धरली.

प्रेमपत्रे कशी तयार होत?

युक्ती साधी होती. मायना, पाच वाक्ये आणि सही एवढाच पत्राचा सांगाडा. वाक्यांचे साचे दोनच. एकात प्रिय व्यक्तीला विशेषणासह काहीतरी संबोधायचे; दुसऱ्यात लिहिणाऱ्याची एखादी भावना प्रिय व्यक्तीच्या एखाद्या गुणासाठी झुरते, असे सांगायचे. मोकळ्या जागी शब्द भरायचे काम यंत्राचे. रॉजेटच्या प्रसिद्ध समानार्थी शब्दकोशातून निवडलेल्या याद्यांमधून ते सोडत काढल्यासारखा एकेक शब्द उचलत असे. सहीच्या जागी मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटरची आद्याक्षरे येत. दोनच साच्यांतून अक्षरशः कोट्यवधी वेगळी पत्रे निघू शकत होती.

हेच मराठीत करायचे तर साचा लगेच अडतो. ध्यास ‘माझा’, ओढ ‘माझी’ आणि मन ‘माझे’. शिवाय क्रियापदही नामाप्रमाणे बदलणार. प्रत्येक शब्दाचे लिंग यंत्राला आधी शिकवावे लागेल. इंग्रजीत ही अडचण येत नाही, हे ओळखूनच साचा बेतलेला आहे. भाषेची ही जाण यंत्राची नव्हे, माणसाची.

मग कला नेमकी कशात?

पत्रे वाचली तर ती गोडगोड, अवघडलेली आणि बरीचशी हास्यास्पद वाटतात. केवळ तेवढ्यावरून निकाल द्यायचा तर ती कला ठरणार नाहीत. स्ट्रेचींनीही तसा दावा केला नाही. १९५४ मधील एका लेखात त्यांनी योजनेचा ओबडधोबडपणा मान्य केला. कुतूहलाची गोष्ट त्यांच्या मते वेगळीच होती. एवढ्या साध्या नियमांतून एवढे वैविध्य निघते, ही ती गोष्ट. कोणते शब्द यादीत घ्यायचे, कोणते गाळायचे, कुठे नशिबावर सोडायचे, हे सारे त्यांनी ठरवले होते. अक्षरांतून साकारलेल्या चित्रांनाही हाच निकष लावता येतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एका छायाचित्राचे लहान लहान चिन्हांत रूपांतर केले. तिथेही कोणत्या छटेला कोणते चिन्ह, हा निर्णय माणसांचाच होता. असा निर्णयच नसेल, नुसते तयार बटण दाबलेले असेल, तर कलेचा दावा लंगडा पडतो.

या पत्रांना एक करुण किनारही आहे. ज्या वर्षी ती छापली गेली, त्याच १९५२ मध्ये ट्युरिंग यांना समलैंगिक संबंधांबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. स्ट्रेची स्वतःही समलैंगिक होते. पत्र लिहिणारा आणि वाचणारा पुरुष की स्त्री, हे त्या पत्रांत कुठेच कळत नाही. त्यामुळे ठराविक छापाच्या प्रेमपत्रांची ही थट्टा होती, असे काही अभ्यासक मानतात.

पुढे काय झाले?

स्ट्रेचींनी सीपीएल ही संगणकभाषा घडवण्यात मोठा वाटा उचलला. तिच्यातून बीसीपीएल, मग बी आणि अखेर आजही वापरात असलेली सी भाषा आली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी १९६५ मध्ये प्रोग्रामिंग संशोधन गट उभारला आणि डॅना स्कॉट यांच्यासोबत संगणकभाषांच्या अर्थाला गणिती पाया दिला. १८ मे १९७५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची कागदपत्रे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपलेली आहेत. त्यांच्या आधारे जर्मन कलाकार डेव्हिड लिंक यांनी जुने यंत्र आणि त्यावरचा प्रोग्राम पुन्हा जिवंत केला, आणि ही प्रेमपत्रे कलाप्रदर्शनात पोहोचली. तिथे मांडले गेले ते एखादे निवडक पत्र नव्हे, तर पत्रे लिहिणारे यंत्र. स्ट्रेचींनी ज्या गोष्टीकडे बोट दाखवले होते, तीच अखेर कला म्हणून पाहिली गेली.