अक्षरे वळविणारा इव्हान्स

गवयाच्या घरी जन्मल्यामुळे खुणांच्या लिखाणाचे मला लहानपणापासून वेड. शिष्यांस स्वरलेखन शिकविताना 'सा'वर टिंब दिले की तो तार सप्तकात गेला, खाली दिले की मंद्रात, एवढे सांगून भागते. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांची लिपी पाहिली तेव्हा याचीच आठवण झाली. तेथे एक साधा कोन काढतात. टोक वर केले की 'पि', उजवीकडे वळविले की 'पु', डावीकडे वळविले की 'प'. डोक्यावर टिंब दिले की स्वर दीर्घ झाला. नुसता 'प्' हवा असेल तर 'प'चेच बारीक रूप वरच्या अंगास लिहावयाचे. व्यंजन आकारात, स्वर दिशेत!

ही युक्ती जेम्स इव्हान्सची. 1801 साली इंग्लंडात हल येथे जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी कॅनडात गेला, ओजिब्वे मुलांचा शिक्षक झाला आणि पुढे मेथॉडिस्ट पाद्री. रोमन अक्षरांत त्या भाषेचे लांबलचक शब्द वाचताना मुलांची होणारी दमछाक त्याने पाहिली होती. 1840 साली तो नॉर्वे हाउस येथे क्री लोकांत गेला आणि त्यांच्यासाठी त्याने नऊ आकार, चार दिशा एवढ्यावर लिपी उभी केली. यात लघुलिपीचा आणि आपल्या देवनागरीचाही हात असावा, असे अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र सांगते की ही अक्षरे त्यांच्यातीलच एका पुरुषास दैवी कृपेने मिळाली. तीही बाजू ध्यानात ठेवावी.

छापखाना नव्हता. चहाच्या पेट्यांतील शिशाच्या पत्र्यांचे त्याने खिळे ओतले, काजळी व माशाचे तेल यांची शाई केली, कातडी दाबण्याच्या यंत्रावर 1841 साली प्रार्थनागीतांचे पुस्तक छापले.

पुढचा काळ वाईट गेला. 1844 साली प्रवासात त्याच्या हातून बंदूक उडाली आणि त्याचा सहकारी हॅसल ठार झाला. पुढे त्याच्या वर्तनावर आरोप आले, चौकशी झाली, इंग्लंडला परत बोलावणे आले. 23 नोव्हेंबर 1846 रोजी लिंकनशायरमधील कील्बी येथे तो वारला. वय अवघे पंचेचाळीस.

इन्युइटांपर्यंत ही लिपी पोचली ती त्याच्यामागून. हॉर्डन व वॉटकिन्स या पाद्र्यांनी ती त्यांच्या भाषेस बसविली. 1876 पासून एडमंड पेकने तिचा प्रसार केला. नंतर तर आई मुलास, शेजारी शेजाऱ्यास शिकवू लागला.

इन्युइट भाषेस अ, इ, उ हे तीनच स्वर. चौथी, खाली टोक असलेली दिशा 'अइ' या जोडस्वराकडे गेली होती. 1976 च्या सुधारणेत ती गाळण्यात आली. टंकयंत्रावर जागा पुरेना, हे त्याचे एक कारण. यंत्रासाठी सूर कमी करावा, तसेच हे. नुनाविकच्या लोकांनी मात्र ती चौथी दिशा पुन्हा लिहावयास घेतली.