इंग्रजीत ‘शंभर टक्के खरं’ कसं म्हणायचं? शब्दांच्या याद्या करणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

साहेबांना मेल लिहायचाय. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, पण ती इंग्रजीत ठासून सांगायला ‘शुअर’ आणि ‘डेफिनेटली’च्या पुढं शब्द सुचत नाही. मग आपण गुगलवर ‘सिनॉनिम्स’ शोधतो आणि समोर शब्दांची रांग लागते.

अशी रांग एका डॉक्टरनं जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी लावून ठेवली होती. पुस्तक आलं तेव्हा त्याचं वय होतं ७३. त्याचं नाव पीटर मार्क रॉजे आणि पुस्तकाचं नाव थिसॉरस.

रॉजेचा जन्म १८ जानेवारी १७७९ चा, लंडनमधला. वडील मूळचे जिनिव्हाचे धर्मोपदेशक. पीटर चार वर्षांचा असतानाच ते गेले. आईचं मन कायम अस्वस्थ असायचं, त्यात सारखी घरं बदलणं. उद्या काय होईल याची खात्री नसलेल्या या घरात पोराला एक सवय लागली, ती म्हणजे याद्या करायची. शब्द गोळा करायचे आणि त्यांचे गट पाडायचे.

पोरगा हुशार होता. १९ व्या वर्षी एडिंबरामधून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पुढं एका श्रीमंत गिरणीमालकाच्या दोन मुलांना युरोप दाखवायचं काम त्याला मिळालं. १८०३ मध्ये तिघं जिनिव्हात असताना इंग्लंड आणि फ्रान्समध्ये पुन्हा युद्ध पेटलं. जिनिव्हा तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं आणि नेपोलियननं तिथल्या इंग्रज पुरुषांना अडकवून ठेवायचा हुकूम काढला. रॉजे सुटला तो एकाच गोष्टीवर. वडील जिनिव्हाचे नागरिक होते, हे त्यानं कागदोपत्री सिद्ध केलं. खरं असणं वेगळं आणि ते कुणाला नाकारता येणार नाही असं मांडणं वेगळं, हा धडा त्याला थेट जगण्यातून मिळाला.

१८०५ मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी करताना त्यानं शब्दांची पहिली वर्गवारी तयार केली. ती छापायला नव्हती, स्वतःला लिहिताना उपयोगी पडावी म्हणून होती.

कामात माणूस पुढं जात राहिला. गणितं सोपी करणाऱ्या स्लाइड रूलमध्ये त्यानं सुधारणा केली, १८१५ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि नंतर वीस वर्षांहून जास्त काळ तिचा सेक्रेटरी राहिला. घरात मात्र घाव बसत होते. १८१८ मध्ये वडिलांच्या जागी असलेले मामा, नामवंत कायदेपंडित सॅम्युअल रोमिली यांनी पत्नीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच जीवन संपवलं. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर रॉजेच होता. १८३३ मध्ये त्याची बायकोही गेली.

निवृत्तीनंतर त्यानं ती जुनी वही पुन्हा काढली.

डिक्शनरीत शब्द माहीत असतो, अर्थ शोधायचा असतो. रॉजेनं हे उलटं केलं. मनात अर्थ आहे, शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी त्यानं सगळ्या कल्पना सहा वर्गांत आणि १००० शीर्षकांत बसवल्या. गंमत म्हणजे प्रस्तावनेत त्यानं आपल्या अमरकोशाचा उल्लेख केलाय. विषयवार शब्द मांडायचा त्याला माहीत असलेला सगळ्यात जुना प्रयत्न तोच होता.

आता आपल्या मेलकडं येऊ. खात्रीचे शब्द रॉजेच्या ‘सर्टन्टी’ या शीर्षकाखाली सापडतात. पण ते एकत्र असले तरी सारखे नाहीत. गोष्ट टळणारच नसेल तर ‘इनएव्हिटेबल’. कुणाला नाकारता येणार नसेल तर ‘अनडिनायेबल’. शंका घ्यायलाच जागा नसेल तर ‘अनक्वेश्चनेबल’. कधीच न चुकणारा उपाय किंवा माणूस असेल तर ‘इनफॉलिबल’. पुराव्यानं खोडून काढता येणार नसेल तर ‘इर्रेफ्युटेबल’. म्हणजे मेलमध्ये आकड्यांचा पुरावा जोडलाय तर ‘इर्रेफ्युटेबल’ शोभेल, नुसता आपला विश्वास असेल तर ‘शुअर’च बरा.

विरुद्ध कल्पना रॉजे शेजारी शेजारी ठेवायचा. त्यामुळं खात्रीच्या बाजूलाच ‘अनसर्टन्टी’, म्हणजे अनिश्चिततेचे शब्द आहेत. बापाविना वाढलेल्या आणि जवळची माणसं एकेक करून गमावलेल्या रॉजेला या दोन्ही बाजू चांगल्याच ठाऊक होत्या.

१२ सप्टेंबर १८६९ ला, ९० व्या वर्षी तो गेला. तोवर पुस्तकाच्या २८ आवृत्त्या निघाल्या होत्या. पुढं मुलानं आणि मग नातवानं काम चालू ठेवलं. रॉजेचं नाव असलेला थिसॉरस आजही छापला जातो.