कै. ताराबाई मोडक

वर्गात गलबला झाला की छडी उगारावी, हा आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तो निष्फळ आहे हे ज्यांनी स्वतःच्या आचरणाने सिद्ध केले, त्या ताराबाई मोडक काही काळ आपल्या वऱ्हाडातच नांदत होत्या, हे अकोटच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. पदवीधर झालेल्या ताराबाई विवाहानंतर अमरावतीस आल्या. त्यांचे यजमान तेथे वकिली करीत. पुढे संसार मोडला, परंतु बाईंचा धीर खचला नाही. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन-विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले. आणि ते मानाचे पद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

तेथे शिक्षा नव्हती, तसे बक्षीसही नव्हते. मूल दंगा करिते ते बहुधा हात रिकामे असल्यामुळे. वयास साजेसे काम मिळताच ते आपोआप स्थिर होते, हे तेथील तत्त्व. मुलास स्वातंत्र्य असे, मात्र दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणण्याची मुभा नसे. हाच विचार पसरविण्यासाठी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

खरी कसोटी लागली ती १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी. दलित वस्तीतील मुले शाळेकडे फिरकत ना. बाईंनी त्यांस दोष दिला नाही; शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलांस न्हाऊ घालावे, केस विंचरावे, आणि महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया हाती देऊन शिकवावे, असा क्रम चाले. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून अनुताई वाघ यांच्या साहाय्याने शाळा कुरणातही गेली. १९६२ साली पद्मभूषण हा किताब बाईंस मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या.

शाळेत मुलास मारू नये असा कायदा देशात २००९ साली झाला. बाईंनी ते व्रत त्यापूर्वी आठ दशके आचरिले होते. कापूसवेचणीच्या दिवसांत आपल्या वर्गातील एखादी जागा रिकामी राहते, एखादा सोबती चिडखोर होतो. अशा वेळी त्यास नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या घरचे कारण विचारणे, हेच त्या थोर शिक्षिकेचे खरे स्मरण होय.