हरभऱ्याच्या मुळावरची गाठ ज्यांनी उकलली, ते मार्टिनस बायरिंक कोण होते?

परतीचा पाऊस थांबला, की शिक्रापूर परिसरात हरभऱ्याच्या पेरणीची लगबग सुरू होते. बियाण्याच्या पिशवीसोबत रायझोबियमचे पाकीट किंवा बाटलीही घरी येते. अमेरिका, ऑस्ट्रेलियात तर हेच जिवाणू पेरणी सुरू असतानाच बारीक नोझलमधून थेट बियाण्याशेजारी सोडले जातात.

त्या बाटलीतला जीव वेगळा करून दाखवणारा माणूस आपल्याला दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. विषाणू हा जिवाणूपेक्षा वेगळा प्रकार आहे, हे १८९८ मध्ये मांडणारे मार्टिनस बायरिंक ते हेच.

तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा

बायरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅमचा. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी करावी लागली. मुलगा डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकला, पण ओढ वनस्पतींची होती. त्यामुळे पुढे लायडन विद्यापीठातून १८७७ मध्ये त्यांनी झाडांवर येणाऱ्या गाठींवर डॉक्टरेट मिळवली.

काही वर्षे वाखेनिंगेनच्या कृषी शाळेत शिकवल्यावर १८८५ मध्ये ते डेल्फ्टमधील यीस्ट आणि मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. पगार कारखान्याचा, पण प्रयोगशाळेत स्वतःचे संशोधन करण्याची मोकळीक होती. मुळांवरच्या गाठींचे काम तिथेच झाले.

गाठीत नेमके काय असते?

हरभरा, मूग घेतल्यावर बेवड चांगला राहतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हवेत ७८ टक्के नत्र असतो, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. मग कडधान्याला तो मिळतो कुठून?

हेलरीगल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये सांगितले, की हे काम मुळावरच्या गाठींमुळे होते आणि गाठी सूक्ष्मजीवांमुळे येतात. पण तो सूक्ष्मजीव कोणी वेगळा करून दाखवला नव्हता. गाठ फोडली, की मातीतले इतर जिवाणूही सोबत येत.

बायरिंक यांनी युक्ती केली. शेंगवर्गीय झाडाच्या पानांचा काढा जिलेटिनमध्ये मिसळून त्यांनी या जिवाणूला मानवेल असे खाद्य तयार केले. १८८८ मध्ये जिवाणू एकटा, जिवंत वाढला. १८९० मध्ये त्यांनी हे शुद्ध जिवाणू घेवड्यासारख्या बाकला पिकाला देऊन गाठी आणून दाखवल्या. आजच्या प्रत्येक पाकिटाचे मूळ या प्रयोगात आहे.

१८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी जर्मनीत ‘नायट्राजिन’ नावाने असे जिवाणू विक्रीस आणले. प्रत्येक पिकासाठी वेगळी बाटली होती. भारतात एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये या जिवाणूंवर अभ्यास प्रसिद्ध केला.

फटकळ गुरू

बायरिंक १८९५ मध्ये डेल्फ्टलाच प्राध्यापक झाले. स्वभाव फटकळ, विद्यार्थी धास्तावलेले. त्यांनी लग्न केले नाही. १८९८ मध्ये तंबाखूच्या पानांवरील रोगाचा अभ्यास करताना त्यांना विषाणूची कल्पना सुचली. १९०१ मध्ये पिकाच्या गाठीशिवाय, मातीत मोकळे राहून नत्र बांधणारा अ‍ॅझोटोबॅक्टरही त्यांनीच शोधला. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते गोर्सेल गावी गेले. १ जानेवारी १९३१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

मग नोझल कशासाठी?

बायरिंक यांच्या कामातून दिसते ते इतकेच, की हे खत नाही, जीव आहे. तो जिवंत हवा, त्या पिकाचा हवा आणि कोवळ्या मुळाजवळ हवा.

अडचण तिथेच येते. बाजारातले बियाणे अनेकदा आधीच बुरशीनाशक लावलेले असते. त्यावर जिवाणू चोळले, तर बरेच मरतात. नोझल पद्धतीत पेरणी यंत्राच्या फणामागून बी काकरीत पडते, लगेच त्याशेजारी जिवाणूंच्या द्रावणाची बारीक धार पडते आणि वर माती येते. ट्रॅक्टरचा वेग बदलला, तर धारही त्या प्रमाणात बदलते. जिवाणूला ओल मिळते, ऊन लागत नाही आणि औषधाशी संपर्क कमी येतो. मात्र टाकीत आधीच्या फवारणीचे औषध किंवा क्लोरिनचे पाणी असेल, तर सगळे वाया.

आपल्या शेतात काय कराल?

एक-दोन एकरांसाठी बीजप्रक्रिया पुरेशी आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यातून चोळा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम पाळा. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदत पाहा. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही. उन्हात दुकानाबाहेर मांडलेले पाकीट घेऊ नका.

पैसे वाया गेले की नाही, हे महिनाभराने कळते. एक रोप मुळासकट अलगद उपटा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामाला लागले आहेत. गाठीच नसतील किंवा त्या आतून पांढुरक्या, हिरवट असतील, तर पुढच्या हंगामात पाकीट, साठवण आणि क्रम, तिन्ही तपासा.