चाळींना कोठार म्हणणारे प्राध्यापक : पॅट्रिक गेडिस

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीत (जाफराबाद तालुक्यातील, सोलापूरकडील टेंभुर्णी निराळी) काय किंवा मराठवाड्यातील कोणत्याही गावात काय, वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. या भागातील जुन्या घरांना मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचेच धाबे असे. ते सावकाश तापे. आता तेथे सिमेंटची स्लॅब किंवा पत्रा आला आहे. स्लॅब दिवसभर ऊन शोषते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. शहरात सर्वांत वरच्या मजल्यावर सदनिका असणाऱ्यांना हे सांगावयास नको. गरिबांची घरे बांधताना केवळ छप्पर आणि खोल्या मोजू नयेत, असे शतकापूर्वी मुंबईत बजावणारे गृहस्थ स्थापत्यविशारद नव्हते. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. लंडनमध्ये टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे कठीण झाले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील कोंदट चाळवजा इमारतीत राहावयास गेले. तेथे त्यांनी शेजाऱ्यांना जोडीला घेऊन भिंतींना सफेदी केली, पडक्या जागा मोकळ्या करून तेथे बागा लावल्या. सिद्धांत मागाहून आला. आधी झाडू आणि चुना आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले; तरी स्नेह्यांनी नवे साहित्य जमवून दिले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. पद्धत एकच: आधी गल्लीबोळांतून पायी हिंडायचे, मगच नकाशाला हात लावायचा. रुंद सरळ रस्त्यासाठी अख्खी वस्ती पाडण्याऐवजी मोजकी मोडकळीस आलेली घरे काढून तेथे चौक करावा, झाड लावावे, असे ते सुचवीत.

मुंबई इलाख्यातील ठाण्यासारख्या गावांवर त्यांनी १९१५ मध्ये लिहिले. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याची तेव्हा टूम होती. गेडिस यांचे म्हणणे असे, की तलाव आणि बागा भोवतालची हवा थंड ठेवतात. डासांसाठी पाण्यात मासे आणि बदके सोडावीत. १९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी भयंकर ठरले. ज्येष्ठ पुत्र महायुद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच ॲनाबाई कलकत्त्यात वारल्या. तरीही त्यांनी इंदूरचे काम पुरे केले. तो अहवाल १९१८ मध्ये निघाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये यांना विलायतेस पाठविण्यात त्यांचा वाटा होता. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० मधील डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, यांच्या चाळी त्याच सुमारास उभ्या राहत होत्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब! ही घरे नव्हेत, माणसे साठविण्याची कोठारे आहेत, असा गेडिस यांचा आक्षेप होता. सरकारने तो मनावर घेतला नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या गेल्याच.

तो आक्षेप आजच्या उन्हाळ्यात अधिक बोचतो. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. एवढ्याशा घराला समोरासमोर खिडक्या, स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेला कडुनिंब आणि रात्री बाज टाकण्यापुरते अंगण मिळाले, तर दिवसाचा ताप बराच उतरतो. यातील एकाही गोष्टीस वीज लागत नाही. शहरातील उंच इमारतींत अंगण शक्य नाही हे खरे. पण गच्चीवरील पांढरा रंग, खिडकीवरील खोल छज्जे आणि दोन इमारतींमधील मातीची, झाडांची जागा शक्य आहे. ती जागा वाहनतळासाठी फरसबंद होते, हे आपण रोज पाहतो.

प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी १९२४ मध्ये मुंबई सोडली. फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. १९३२ च्या प्रारंभी त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तेथेच ते निवर्तले. त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग जॅकलीन टिरविट यांनी १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आणले.